सिरीजचा बल्ब

या शनिवार-रविवारचा विषय आहे अँप्लिफायर. गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला, शाळेच्या स्नेहसंमेलनात टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेली ती काळी पेटी. पुढे माईक खुपसायची भोकं, प्रत्येकाला आपापलं बटन, मागे स्पीकरच्या वायरी. कॅटलॉगमध्ये हिला 'पॉवर्ड मिक्सर' म्हणतात. आपल्याकडे 'मिक्सर अँप्लिफायर' किंवा सरळ 'मशीन'. चालतंय तोवर कोणी तिच्याकडे बघत नाही आणि बंद पडली की दोनशे माणसं एकदम तिच्याकडे बघतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या मंडळाची अशी एक पेटी गणपतीच्या पंधरा दिवस आधी मुकी झाली. "तू इंजिनियर ना? मग बघ की!" असं म्हणून ती माझ्या घरी आणून टाकण्यात आली. (सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटरपासून गिझरपर्यंत सगळं येतं असा लोकांचा समज आहे. तो दूर करण्याची संधी मी सहसा सोडत नाही, पण त्या दिवशी अंगात आलं होतं.) झाकण उघडलं, मल्टीमीटर लावला. मागच्या मोठ्या हीटसिंकवरचे चारही आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. म्हटलं, सोपं आहे! बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून चार नवे आणले, बसवले, बटन दाबलं.

फट्ट!

एक सेकंदही लागला नाही. चारही नवे गेले. फ्यूजही उडाला, पण सगळं झाल्यावर. पाहुणे जेवून गेल्यावर वाढायला येणाऱ्या माणसासारखा.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन पेठेतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. जिन्याखालची टपरीवजा जागा, चारी बाजूंना उघडी पडलेली यंत्रं.

"किती गेले?" काकांनी विचारलं.

"चार. मग नवीन टाकले. तेही गेले."

"म्हणजे आठ. आणि सिरीज लावली होतीस का?"

"कसली सिरीज?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या लाकडी बोर्डाकडे बोट केलं. बोर्डावर एक होल्डर, त्यात शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब आणि खाली एक सॉकेट. "अरे, हे नसताना अँप्लिफायर चालू करायचा नसतो."

एवढा साधा बल्ब का लागतो, हे समजून घ्यायला गेलो आणि शंभर वर्षं मागे जाऊन पोचलो. त्या प्रवासातून मला जे कळलं ते थोडक्यात असं: अँप्लिफायर जसजसा सुधारत गेला, तसतशा त्याच्या आतल्या भिंती पडत गेल्या आणि बिघाड एका खोलीत राहीनासा झाला. दुरुस्तीचा इतिहास म्हणजे त्या पडलेल्या भिंती तात्पुरत्या परत उभ्या करण्याच्या युक्त्यांचा इतिहास.

*

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या नापा या गावी होते. पीटर जेन्सन हा डेन्मार्कहून आलेला तंत्रज्ञ आणि एडविन प्रिडहॅम हा अमेरिकन इंजिनियर, दोघं मिळून टेलिफोनचा आवाज मोठा करायच्या खटपटीत होते. त्यांनी चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं हलतं ठेवलं आणि त्याला भोंगा जोडला. हेच त्यांचं 'मॅग्नाव्हॉक्स', लॅटिनमध्ये 'मोठा आवाज'. १९१५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर प्रचंड गर्दीला त्यांनी संगीत आणि भाषण ऐकवलं.

या पहिल्या यंत्रात गंमत काय होती? कार्बनचा माईक, बॅटरी, ट्रान्सफॉर्मर आणि भोंगा. संपलं. माईकमधले कार्बनचे कण आवाजाच्या दाबाने घट्ट-सैल होतात, त्यातून बॅटरीचा करंट कमीजास्त वाहतो, तोच भोंग्याला जातो. म्हणजे आवाज मोठा करण्याचं कामही माईकच करतो. बिघडलं तर शोधायच्या जागा मोजून चार. कार्बनचे कण दमट हवेने किंवा जास्त करंटने एकमेकांना चिकटून बसायचे, तेव्हा माईकला टिचकी मारली की ते मोकळे व्हायचे. आज आपण "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणत माईकला टिचक्या मारतो, त्याने आता काही दुरुस्त होत नाही. पण एके काळी खरंच व्हायचं! :-)

१९ सप्टेंबर १९१९ ला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन डिएगोच्या स्टेडियमवर सुमारे पन्नास हजार लोकांसमोर मॅग्नाव्हॉक्सवरून बोलले. त्यांना एका काचेच्या खोलीत उभं केलं होतं. त्याआधीची हजारो वर्षं वक्त्याची मर्यादा ही त्याच्या छातीची मर्यादा होती. ती तिथे संपली. दोन वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९२१ ला, राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचं आर्लिंग्टनमधलं भाषण टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोमधल्या गर्दीलाही लाउडस्पीकरवर ऐकवण्यात आलं.

इतक्या लांब आवाज न्यायचा तर वाटेत तो पुन्हा पुन्हा मोठा करावा लागतो. ते काम करत होते व्हॉल्व्ह. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये 'ऑडिऑन' नावाचा तीन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला होता. पुढे तो सुधारला आणि १९२० नंतरचे अँप्लिफायर त्याच्यावर उभे राहिले.

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने सज्जन प्राणी. एक व्हॉल्व्ह म्हणजे एक टप्पा. दोन टप्प्यांच्या मध्ये कंडेन्सर किंवा ट्रान्सफॉर्मर. हा कंडेन्सर आवाजाची थरथर पुढे जाऊ देतो, पण बॅटरीचा सरळ करंट, म्हणजे डीसी, अडवतो. हीच ती भिंत. एका खोलीत आग लागली तर ती तिथेच राहते. शिवाय व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवलेला. काढा, नवा खुपसा. पेटतोय की नाही तेही डोळ्यांना दिसतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत औषधांच्या दुकानात व्हॉल्व्ह तपासायची यंत्रं ठेवलेली असत. गिऱ्हाईक घरच्या रेडिओचे व्हॉल्व्ह पिशवीत घालून आणायचा, स्वतः तपासायचा आणि गेलेला तिथेच विकत घ्यायचा.

दुरुस्तीचं शास्त्रही याच काळात बसलं. न्यूयॉर्कच्या जॉन रायडरने १९३० च्या दशकात रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांसाठी सर्किटच्या आकृत्यांचे जाडजूड खंड छापले आणि १९३९ मध्ये 'सिग्नल ट्रेसिंग'वर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक यंत्राचे सगळे व्होल्टेज पाठ करण्यापेक्षा सिग्नलच्या मागे जा. एका टोकाने आवाज आत सोडा आणि तो कुठपर्यंत पोचतोय ते बघत चला. जिथे हरवला, त्याच्या अलीकडे-पलीकडे बिघाड. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, ही रीत तीच राहते.

*

आपल्याकडे या काळात काय चाललं होतं? तर १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या सभा-अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवत होती मुंबईची 'शिकागो रेडिओ'. नाव शिकागो, पण मालक मोटवाने कुटुंब. गांधीजींचे, नेहरूंचे भाषण करतानाचे जुने फोटो नीट बघा, माईकवर हे नाव दिसेल. १९४२ च्या चळवळीत मुंबईतून चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर या कंपनीचे नानिक मोटवानेही आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले.

त्या सभांमधला अँप्लिफायर व्हॉल्व्हचा होता आणि त्याच्या शेजारी माणूस बसलेला असायचा. हे महत्त्वाचं. यंत्र आणि यंत्र समजणारा माणूस असे दोघं मिळून एक 'साउंड सिस्टिम' होती. मंडपवाल्याकडून मशीन भाड्याने आणलं की त्याचा पोरगाही बरोबर येतो, ती रीत आजही टिकून आहे.

*

आता भिंती कशा पडल्या ते पाहू.

पहिला धक्का २ ऑगस्ट १९२७ चा. बेल लॅब्समधला हॅरल्ड ब्लॅक हा एकोणतीस वर्षांचा इंजिनियर सकाळी कामावर जायला हडसन नदीवरच्या लॅकवाना फेरीबोटीत बसला होता. त्याची डोकेदुखी अशी की लांब पल्ल्याच्या टेलिफोनला एकामागे एक असे कितीतरी अँप्लिफायर लागत आणि प्रत्येक जण आवाजात थोडी थोडी खोट मिसळायचा. शेवटी ऐकू यायची ती फक्त खोट. बोटीत त्याला सुचलं की बाहेर पडलेल्या आवाजाचा छोटा वाटा परत आत आणून मूळ आवाजातून वजा केला, तर अँप्लिफायर आपली चूक आपणच सुधारेल. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता, त्याच्याच एका पानावर त्याने आकृती आणि समीकरणं काढली. हाच निगेटिव्ह फीडबॅक. पेटंटचा अर्ज १९२८ चा, पेटंट मिळालं १९३७ ला. कष्टाने कमावलेला आवाज मुद्दाम कमी करून यंत्र चांगलं होतं, हे पटायला वेळ लागला.

(माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारतो त्यालाही आपण फीडबॅकच म्हणतो, पण तो याच्या उलट. तिथे परत आलेला आवाज वजा न होता मिळवला जातो, म्हणून वाढतच जातो.)

साधं उदाहरण द्यायचं तर हे चव घेत घेत आमटीत मीठ घालण्यासारखं आहे. चव घेणारी जीभ असली की हात थोडा वेडावाकडा पडला तरी चालतं. पण आता कल्पना करा, आमटी खारट झाली. चूक कोणाची? हाताची, जिभेची की मिठाच्या डब्याची? आमटीकडे बघून सांगता येत नाही, कारण तिघं एकमेकांना बांधलेले आहेत. ब्लॅकच्या आधी अँप्लिफायर म्हणजे साखळी होती. तिच्या एका टोकापासून चालत गेलं की तुटलेली कडी सापडायची. ब्लॅकने तिची दोन टोकं जोडली आणि तिचं रिंगण झालं. रिंगणात एक चुकला की सगळेच चुकतात. ज्याने चूक केली तोही, आणि ती सुधारायला धावलेले बाकीचेही.

दुसरा धक्का ट्रान्झिस्टरचा. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्समध्येच बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि लगेच १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आणि डायोड. म्हणजे आपल्याकडे दोन्ही पिढ्या जवळजवळ बरोबरच आल्या.

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला स्पीकरच्या आधी एक जडशीळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागायचा. आरसीए कंपनीतल्या एच. सी. लिन यांनी १९५६ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात एक सर्किट छापलं. त्यात एकाच जातीचे दोन मोठे ट्रान्झिस्टर आळीपाळीने स्पीकर ढकलतात आणि ओढतात, ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीएनेच २एन३०५५ हा सिलिकॉन ट्रान्झिस्टर आणला. धातूची चपटी टोपी, दोन पिना, १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॉट. जुन्या मंडपवाल्यांच्या मशिनच्या मागे ज्या टोप्या ओळीने बसलेल्या दिसतात, त्या बहुतेक याच.

ट्रान्सफॉर्मर गेला, एक भिंत पडली. तरी स्पीकरच्या आधी एक मोठा कंडेन्सर उरला होता. मग धन आणि ऋण असे दोन सप्लाय वापरायला सुरुवात झाली, तोही अनावश्यक ठरला. आतल्या टप्प्यांमधले कंडेन्सरही बरेचसे गेले. आवाज सुधारला, वजन कमी झालं, किंमत उतरली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शुअर कंपनीचा 'व्होकल मास्टर' आला, सहा माईकचा मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. आपल्या काळ्या पेटीचा हा एक पूर्वज.

पण या सुधारणेची किंमत बघा. सप्लाय ४५ व्होल्टचा धरू. एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ते ४५ व्होल्ट सरळ स्पीकरवर. आठ ओहमच्या स्पीकरमध्ये अडीचशे वॉट नुसती उष्णता, आणि ती सतत. (४५ चा वर्ग भागिले ८, करून बघा.) वेटोळं जळून धूर. व्हॉल्व्हच्या काळात व्हॉल्व्ह गेला तर स्पीकर वाचायचा, मध्ये भिंत होती ना! आता ती भिंत नाही म्हणून चांगल्या मशिनमध्ये संरक्षणासाठी वेगळा रिले बसवावा लागतो. 'टक्' असा आवाज चालू केल्यावर काही सेकंदांनी येतो, तो त्याचा.

आणखी एक. ट्रान्झिस्टर तापला की त्याला चालू राहायला लागणारा व्होल्टेज प्रत्येक डिग्रीमागे साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतो. म्हणजे तापला की जास्त करंट खातो, जास्त खाल्ला की आणखी तापतो. हे थांबवायला हीटसिंकवरच एक छोटा ट्रान्झिस्टर चिकटवलेला असतो. तो मोठ्यांचा ताप बघून त्यांचा बायस, म्हणजे आधाराचा व्होल्टेज, कमी करत राहतो. हा छोटा बहुतेक वेळा तीन बारीक वायरींनी बोर्डाला जोडलेला असतो.

या वायरी लक्षात ठेवा.

*

आता काकांच्या बल्बकडे येऊ. मेन्सच्या वायरीत मध्ये बल्ब, त्याच्यापुढे अँप्लिफायर. म्हणजे अँप्लिफायरला मिळणारा प्रत्येक अँपिअर बल्बमधून जाणार. २३० व्होल्टचा १०० वॉटचा बल्ब पूर्ण पेटला की त्याचा रोध ५२९ ओहम असतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. यंत्र ठीक असेल तर करंट थोडा, बल्ब थंड, रोध कमी, यंत्राला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज. चालू करताना बल्ब एकदा लखकन पेटतो (मोठे कंडेन्सर भरतात) आणि मग विझतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, त्याचा रोध दहापट वाढतो आणि करंट ०.४३ अँपिअरच्या पुढे जाऊच शकत नाही. कितीही वाईट शॉर्ट असला तरी नाही. फ्यूज वितळायला वेळ लागतो, तेवढ्यात ट्रान्झिस्टर मरतो. बल्ब आधीपासूनच पहाऱ्यावर उभा असतो.

आणि योगायोग बघा, बल्बचा हाच गुण १९३९ मध्ये विल्यम ह्यूलेटने आपल्या ऑसिलेटरमध्ये वापरला होता. आवाज वाढला की बल्ब तापतो, रोध वाढतो, आवाज आपोआप आवरला जातो. फीडबॅकच्या वाटेवर बसवलेला एक साधा दिवा. तेच ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचं पहिलं उत्पादन, मॉडेल २००ए. त्याच्याच पुढच्या आवृत्तीचे आठ नग डिस्नेने 'फँटेशिया' सिनेमासाठी विकत घेतले.

काकांनी आधी माझे चारही जळके ट्रान्झिस्टर काढून बाजूला ठेवले आणि त्यांच्या जागा रिकाम्या ठेवूनच मशीन सिरीजवर लावलं. जुन्या बऱ्याच सर्किटमध्ये मोठे ट्रान्झिस्टर काढले तरी त्यांच्या मागचे मध्यम ट्रान्झिस्टर रिंगण पुरं करतात. मोठा करंट नसतो म्हणून जळायला काही उरत नाही, आणि मोजायला मात्र सगळं चालू.

"रिंगणात घुसायचं तर एकच प्रश्न विचारायचा," काका म्हणाले. "आउटपुट एका बाजूला पळालंय का? पळालं असेल तर पुढचे दोघं त्याला परत ओढतायत का बघ. ओढत असतील आणि तरी येत नसेल, तर चूक त्यांच्या मागे. तेच उलट्या बाजूला ढकलत असतील, तर चूक त्यांची."

हेच मी ऑफिसमध्ये रोज करतो, फक्त तिथे धूर निघत नाही. दोन सेवा एकमेकींना दोष देत असतात, लॉगमध्ये दोन्हीकडे लाल अक्षरं. सगळे आकडे चुकीचेच असतात, तेव्हा आकडा बरोबर आहे का हे विचारून उपयोग नसतो. कोण सुधारायचा प्रयत्न करतंय आणि कोण बिघडवतंय, हे विचारावं लागतं.

आमच्या मशिनचं आउटपुट शून्यावरच होतं, पण बल्ब पुरता विझेना. मंद पिवळा राहिला. काकांनी मीटरच्या पिना बायसवर ठेवल्या. दोन-अडीच व्होल्ट हवे होते, दहाच्या वर दिसत होते. त्यांनी एक बांबूची काडी घेतली आणि हीटसिंकवरच्या त्या छोट्या ट्रान्झिस्टरच्या वायरी हळूच हलवल्या. आकडा धाडकन खाली आला आणि बल्ब विझला. काडी काढली, बल्ब पुन्हा पिवळा.

एक वायर आतून तुटली होती. वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तार तुटलेली. ताप बघणारा माणूसच जागेवर नव्हता. त्यामुळे दोन्ही बाजूंचे मोठे ट्रान्झिस्टर एकाच वेळी पूर्ण उघडे राहिले आणि एका सप्लायपासून दुसऱ्यापर्यंत रान मोकळं. पहिले चार त्यात गेले. मी नवे चार टाकले, तेही त्यातच गेले. मी मेलेल्यांच्या जागी माणसं भरत होतो, मारणाऱ्याला शोधलंच नव्हतं.

इंचभर वायर आणि थेंबभर सोल्डर, एवढाच खरा बिघाड. बिल आलं आठ ट्रान्झिस्टरांचं.

*

पुढचा अर्धा भाग, म्हणजे मिक्सर, तुलनेने अजून साखळीच आहे. त्यात फीडबॅक आहे, पण प्रत्येक आयसीपुरता छोटा. ४५५८ किंवा टीएल०७२ सारख्या आयसी, त्यांना अधिक-उणे १५ व्होल्ट. तिथे रायडरची रीत अजून तशीच चालते, आणि तिला अर्ध्याने भागायची युक्ती जोडली की काम झटपट होतं. माईकपासून स्पीकरपर्यंत आठ टप्पे असतील तर पहिल्यापासून सुरू करू नका, मध्ये बघा. मध्ये आवाज असेल तर पुढचे चार, नसेल तर मागचे चार. तीन वेळा बघितलं की जागा सापडते. (आम्ही याला बायनरी सर्च म्हणतो आणि इंटरव्ह्यूत विचारतो.)

बहुतेक पॉवर्ड मिक्सरमध्ये हे 'मध्ये' बघायची सोय मागेच असते. एक जॅक मिक्सरमधून बाहेर, दुसरा अँपमध्ये आत. पहिल्याला दुसरं मशीन जोडून आवाज आला तर मिक्सर ठणठणीत. दुसऱ्यात बाहेरून आवाज सोडला आणि स्पीकर वाजला तर अँप ठणठणीत. आणि दोन्ही ठणठणीत असून मशीन मुकं असेल तर? मग चोर तो जॅकच! आत काही खुपसलेलं नसताना सिग्नल त्याच्या एका पातळ पत्रीवरून जातो. धूळ, दमट हवा, वर्षभर माळ्यावर पडलेली पेटी. पत्री काळी पडते. त्यात पिन चार वेळा घातली-काढली की आवाज परत येतो. सोल्डर नाही, पार्ट नाही.

कानही खूप सांगतात. आपला मेन्स ५० हर्ट्झचा. जाड, खालचा ५० चा घूं घूं आवाज असेल तर बहुधा अर्थिंगचा किंवा तुटलेल्या शील्डचा घोटाळा. त्याच्या दुप्पट, १०० चा खरखरीत गुंजारव असेल तर सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकलेत. हे कंडेन्सर दर दहा डिग्रीला निम्मं आयुष्य गमावतात, आणि आपल्याकडे मशीन ठेवतात मंडपात, उन्हात, वर सतरंजी टाकून. (सावध राहा. हे बंद केल्यावरही भरलेले राहतात. आणि मेन्सचा अनुभव नसेल तर झाकण उघडूच नका, काकांकडे जा.)

*

आजच्या नव्या पेट्यांमध्ये क्लास-डी असतो. ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, हीटसिंक नखाएवढा, पेटी एका हाताने उचलता येते. रिंगण आणखी घट्ट झालंय, पार्ट तिळाएवढे आणि सर्किटची आकृती बहुधा मिळत नाही. तिथे दुरुस्ती म्हणजे आख्खा बोर्ड बदलणे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि पोर्टलही सुरू केलं, हे चांगलंच झालं. पण हक्क मिळाला तरी दुरुस्त करता येईल अशी वस्तू हवी आणि ती उघडणारा माणूसही.

ब्लॅकने किंवा लिनने चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांच्याशिवाय हजार रुपयांच्या पेटीतून स्वच्छ आवाज आला नसता. पण भिंती पाडल्या की कुठेतरी एक दार ठेवावं, ज्यातून नंतर येणारा माणूस आत डोकावू शकेल. मिक्सरच्या मागचे ते दोन जॅक म्हणजे असं दार आहे. रायडरच्या खंडांतल्या आकृत्याही तशाच. मी लिहिलेल्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये असं दार नव्हतं. ते आता कोण उघडत असेल, त्याची क्षमा मागावीशी वाटते.

मशीन त्या वर्षी गणपतीच्या तीन दिवस आधी चालू झालं. पहिल्या आरतीला ते वाजलं तेव्हा मी मागे, हीटसिंकवर हात ठेवून उभा होतो. कोमट. सगळे मूर्तीकडे बघत होते, तेच बरं होतं.

निघताना काकांनी मला एक बल्ब दिला होता. तारेचा, शंभर वॉटचा, कागदात गुंडाळलेला. एलईडीने हे काम होत नाही, त्याचा रोध असा वाढत नाही. तारेचे बल्ब दुकानांतून जवळजवळ गेलेत, म्हणून काका ते साठवून ठेवतात. माझा मी कपाटात वरच्या खणात ठेवलाय. लाकडी बोर्डही करून घेतलाय.

असो. फारच लांबलं. तुमच्या मंडळाचं मशीन माळ्यावरून आताच काढून एकदा वाजवून बघा. आदल्या दिवशी नको.